वॉटसनचे मेझोटिंट: मागचा पुठ्ठा सुटला

व्हाईस अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन याच्या माझ्या संग्रहातील छापचित्राचे काम या आठवड्यात एक टप्पा पुढे सरकले. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग, म्हणजे इंग्रजी कागदपत्रांतील ‘घेरिया’, घेणाऱ्या आरमाराचा हा सेनानी पुढच्या वर्षी, ऑगस्ट १७५७ मध्ये, कलकत्त्यात मरण पावला. थॉमस हडसनने रंगवलेल्या व्यक्तिचित्रावरून एडवर्ड फिशरने हे मेझोटिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले चित्र, तयार केले.

चित्र जाड पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेले होते आणि पुठ्ठ्यातील आम्ल उतरून कागदाच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. चित्र स्वच्छ कागदावर पालथे ठेवून मी पुठ्ठ्याचे पापुद्रे बोथट सुरीने एकेक करून सोलले. त्याला चार संध्याकाळी लागल्या. मोकळा कागद उजेडासमोर धरला तेव्हा साच्याच्या तारांच्या समांतर रेघा स्पष्ट दिसल्या. कागद जुन्या पद्धतीचा आहे, एवढे त्यावरून ठरते. ठसा, म्हणजे पत्र्यावरून छापलेली ही प्रत, किती लवकरचा आहे, हे त्यावरून ठरत नाही.

त्यासाठी भिंग घेऊन काळ्या रंगाकडेच पाहावे लागते. मेझोटिंटमध्ये तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने सर्व दिशांनी खरबरीत करतात, त्या उठलेल्या कणांत शाई धरून मखमली काळोख उमटतो, आणि जिथे उजेड हवा तिथे चित्रकार तो पृष्ठभाग खरवडून व घासून गुळगुळीत करतो. मात्र हे नाजूक कण छापयंत्राच्या दाबाखाली प्रत्येक ठशागणिक झिजत जातात. खालची अक्षरे कोरणीने खोल कोरलेली असल्यामुळे ती मागाहूनही टिकतात. माझ्या प्रतीत अक्षरे ठसठशीत आहेत, पण पार्श्वभूमीचा काळा रंग करडेपणाकडे झुकला आहे. म्हणून हा ठसा पत्रा बराच वापरला गेल्यानंतरचा असावा, असे माझे मत झाले आहे. हडसनचा शिष्य जोशुआ रेनॉल्ड्स याला फिशरचा काटेकोरपणा अवाजवी वाटे. चेहऱ्यावरील छटांची बारीक चढउतार पाहताना मला मात्र त्या काटेकोरपणाबद्दल आदरच वाटला.

कागद धुण्याचा विचार मी सोडला आहे. डाव्या कडेवरील डिंकाची पट्टी ओलावा देऊन काढावी लागेल, आणि पावसाळ्यातील दमट हवेत कागद नीट वाळेल याची खात्री नसल्यामुळे ते काम दिवाळीनंतर करीन. तोवर चित्र आम्लरहित कागदाच्या घडीत सपाट ठेवले आहे. नंतर जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने वरच्या कडेला लावून ते नव्या चौकटीत टांगते बसवायचे आहे.