शेजाऱ्याची ओरड आणि घरट्यातली पिल्लं

आजच्या निरीक्षणातून एक गोष्ट परत पटली: घरट्यातली चिवचिव एकदम थांबली, तर आधी शेजारच्या झाडावर दुसरा कुठला पक्षी धोका बघून ओरडतोय का ते ऐकावं.

आईबापांच्या धोक्याच्या इशाऱ्याला पिल्लं कशी वागतात ते बरंच ठाऊक आहे. जपानमधल्या टिट या छोट्या पक्ष्यांवरचं 2011 चं संशोधन तर भन्नाटच. कावळ्याचा इशारा आला की पिल्लं ढोलीत दबून बसतात. सापाचा आला की थेट बाहेर उड्या टाकतात, कारण साप आत शिरतो.

दुसऱ्या जातीच्या ओरडीचं गणित वेगळं. आवाज आपल्या जातीच्या इशाऱ्यासारखा असेल तर न शिकताही प्रतिसाद मिळू शकतो. अगदीच निराळा असेल तर तो धोक्याशी जोडायला शिकावं लागतं. प्रौढ फेअरीरेन (ऑस्ट्रेलियातले इवलेसे पक्षी) असं शिकतात, हे तिथल्या प्रयोगांत दिसलंय.

पिल्लं शेजाऱ्याच्या ओरडीला दाद देतात का, हे रेकॉर्डिंग वाजवून तपासताना गोची होते ती इथे: पिल्लं उपाशी असली की धोका पत्करून चोच वासतात. एकच क्लिप सारखी वाजवली की सरावतात. तुलनेसाठी त्याच शेजारी पक्ष्याची साधी, धोक्याची नसलेली हाकही तेवढ्याच आवाजात वाजवावी. आणि हो, आईबाप ओरडत असतील तर बहुधा तुम्हालाच बघून! लगेच मागे सरका.