कापलेली सात मिनिटं

'एकोज' हे गाणं साडेसोळा मिनिटांचं आहे, असं मी कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगायचो. माझ्याकडे पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं तेवढंच होतं ना! दादाने दिलेला निवडक गाण्यांचा संग्रह, 'एकोज : द बेस्ट ऑफ पिंक फ्लॉइड', २००१ चा. दोन सीडी, २६ गाणी.

पुढे त्यांचा 'मेडल' (१९७१) हा मूळ अल्बम हाती लागला. त्याची अख्खी दुसरी बाजू म्हणजे हे एकच गाणं. सुरुवातीचा 'पिंग' ओळखीचाच : बँडच्या कीबोर्डवादक रिक राइटच्या पियानोचा एकच स्वर, लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून काढलेला, हौदात थेंब पडावा तसा. मग जिथलं वळण मला पाठ होतं तिथे वळणच येईना. फाइल बिघडलीय असं वाटून स्क्रीनकडे पाहिलं, तर एकूण लांबी साडेतेवीस मिनिटं. सात मिनिटं मला कुणी दिलीच नव्हती.

राग आला. संग्रहाचं ध्वनिसंपादन करणाऱ्या जेम्स गथ्रीने सगळी गाणी एकात एक मिसळत नेलीत, ते ठीक. पण त्यासाठी कात्री किती चालवावी? 'मरून्ड' हे गाणं तर दोन मिनिटांवर आणून ठेवलंय. 'ॲटम हार्ट मदर'मधलं एकही गाणं नाही. (तो अल्बम खुद्द बँडमधल्यांनाच फारसा आवडत नाही म्हणा.)

तरीही सीडी कुणाला दिली नाही, त्याचं कारण दुसऱ्या सीडीच्या शेवटी आहे. इथे गाणी सालाप्रमाणे लावलेली नाहीत, आणि मला ते आधी नुसतं पत्ते पिसल्यासारखं वाटायचं. एका रात्री हेडफोन लावून पडलो होतो, तेव्हा ट्यूब पेटली. शेवटची तीन गाणी : 'जगबँड ब्लूज', 'हाय होप्स', 'बाइक'. तिन्ही आपापल्या अल्बमची शेवटची गाणी! १९६८, १९९४ आणि १९६७. 'जगबँड ब्लूज' म्हणजे बँडचा सुरुवातीचा गायक-गीतकार सिड बॅरेटने बँडमधून जाता जाता मागे ठेवलेलं गाणं. 'हाय होप्स' हा तेव्हाच्या ताज्या अल्बमचा शेवट. आणि तिथून एका दमात २७ वर्षं मागे, बॅरेटच्या सायकलवर. पहिली सीडी उघडते 'ॲस्ट्रॉनॉमी डोमिनी'ने, म्हणजे पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्याने. तेही त्याचंच. ज्याने १९६८ सालीच बँड सोडला, त्याच्या हाती दोन्ही दारांच्या किल्ल्या.

फोनवर ही गाणी घेतली तेव्हा प्रत्येक सांध्यावर टक् करून क्षणभर शांतता यायची, जीव नकोसा व्हायचा. आता सीडीच लावतो. मात्र पाचवं गाणं आलं की ती थांबवायची, 'मेडल' काढायचा, तेवीस मिनिटं ऐकून परत यायचं. 'बाइक'च्या शेवटी बदकं हसल्यासारखा तो चक्रम आवाज सुरू झाला, की दादा दुसऱ्या खोलीतून ओरडतो, "संपलं का रे एकदाचं?"