पान ६२

आज सुट्टी म्हणून कपाट आवरायला काढलं आणि अर्धवट सोडलेली अकरा पुस्तकं निघाली, अकरा!! एकात पान ६२ ला टीएमटी बसचं तिकीट खुणेला, शाई पार उडालेली. ही कादंबरी मी लोकलमध्ये वाचायचे, म्हणजे ठाण्याला चढायचं, एक हात हँडलला, दुसऱ्यात पाचशे पानांचा ठोकळा, आणि त्यात एकाच घरातली चौदा माणसं, कोण कोणाचा काका ते आठवेपर्यंत घाटकोपर यायचं. मधे चार दिवस गॅप पडला की परत पहिल्यापासून. शेवटी मोबाईल काढला, खरं सांगते.

दुसरं एक अनुवादित, त्यातली माणसं भांडताना पण सरकारी पत्रासारखी बोलतात, ते सोडल्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

मराठी ग्रंथसंग्रहालयातून (१८९३ पासूनचं आहे बरं का आपल्या ठाण्यातलं) आणलेलं मात्र संपतं, कारण परत करायचं असतं ना! विकत घेतलेलं काय, घरचंच, वाचू की सावकाश.

आई म्हणाली रद्दीत दे. नाही दिलं. ६२ वरचं तिकीट तसंच ठेवलंय, उद्या ती कादंबरी डब्याच्या पिशवीत टाकणारे.