थ्रस्टर ब्रेक काढून कॉम्पॅक्ट डिस्क ब्रेक बसवला: माझा अनुभव

हॉइस्टच्या (वजन उचलायच्या यंत्राच्या) मोटरवर ड्रम आणि लिव्हरवाला थ्रस्टर ब्रेक होता, म्हणजे तेलाच्या दाबाने लिव्हर ढकलून सुटणारा. त्याऐवजी मोटरच्या मागच्या शील्डवर बसणारा, स्प्रिंगने लागणारा आणि कॉइलने सुटणारा डीसी ब्रेक लावला. आधी लोड जमिनीवर उतरवला, मेन आयसोलेटर (मुख्य सप्लाय तोडणारा स्विच) बंद करून त्याला कुलूप घातलं.

मोटर 7.5 किलोवॉट, 1440 आरपीएम. 9550 × 7.5 ÷ 1440, म्हणजे मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण 50 न्यूटन-मीटर. वजन उचलायचं काम म्हणून दुप्पट, 100 चा ब्रेक घेतला. इतका टॉर्क लहान डब्यात बसतो, कारण डिस्कच्या दोन्ही बाजू घासतात. जड ड्रम गेल्याने थांबवायचं फिरतं वजनही घटतं. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते जुन्या ब्रेकच्या लिव्हरच्या सांध्यांतल्या पिना आणि बुश नसणं. ते झिजले की लिंकेज ढिलं पडतं, मग कितीही सेटिंग करा, टिकत नाही.

हबवर डिस्क हाताने सहज सरकली पाहिजे. डिस्कवरच्या लायनिंगला (घासणाऱ्या थराला) ग्रीसचं बोटही लागू देऊ नका. एअर गॅप, म्हणजे कॉइल आणि ती ओढते त्या लोखंडी चकतीमधली फट, नेमप्लेटवर 0.3 मिमी दिला होता. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तीन ठिकाणी मोजला. लॉकनट आवळताना गॅप हलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचा.

इथेच बहुतेक जण चुकतात. लायनिंग झिजली की गॅप वाढतो आणि कॉइलची ओढ झपाट्याने कमी होते. ब्रेक पूर्ण सुटत नाही, डिस्क घासत राहते, जळका वास येतो, मोटरचा करंट चढतो. अशा वेळी स्प्रिंग ढिल्या केल्या तर ब्रेक सुटेल, पण लोड धरणार नाही. गॅपच दुरुस्त करायला हवा.

वायरिंगमध्ये 230 व्होल्टवर हाफ-वेव्ह रेक्टिफायर सुमारे 103 व्होल्ट डीसी देतो. कॉइलची नेमप्लेट वाचूनच जोडा. फक्त एसी बाजू तोडली तर कॉइलमधला करंट रेक्टिफायरमधून फिरत राहतो, ब्रेक उशिरा लागतो आणि लोड खाली सरकतो. म्हणून कॉन्टॅक्टरचा कॉन्टॅक्ट डीसी बाजूला घेतला, सोबत व्होल्टेजचा झटका शोषणारा व्हॅरिस्टर. मोटर व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) असेल तर ब्रेकचा सप्लाय मोटर टर्मिनलवरून कधीच घेऊ नये, वेगळा द्यावा.

लहान आकाराची एक किंमत आहे: उष्णता साठवायला धातू कमी. सारखं इंचिंग (थोडं थोडं चालू-बंद करून हलवणं) होत असेल तर तासाला किती थांबे येतात ते मोजून कॅटलॉगशी ताडा.

नवी लायनिंग बसते तसा गॅप सुरुवातीला लवकर वाढतो. पहिल्या आठवड्यानंतर फीलर गेज पुन्हा घातला.