गॅलिलिओच्या पानावरचा ४१ चा फरक

विज्ञानाचा इतिहास वाचायला कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं की बहुतेक जण पटकन एखाद्या जाडजूड पुस्तकाचं नाव सांगतात, आणि मला दर वेळी वाटतं की अरे थांबा, आधी मूळ कागद तरी बघा ना. पूर्वी हे सांगून उपयोग नव्हता, कारण ते कागद बघायला परवानगीचं पत्र घेऊन परदेशातल्या ग्रंथालयाच्या दारात उभं राहावं लागायचं. आता त्यातले कित्येक फुकट उघडतात, अगदी शाईचा डाग दिसेपर्यंत झूम करता येतात, आणि तरीही फारसं कुणी तिकडे फिरकत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून आज हे सविस्तर लिहितेय.

माझी सुरुवात एका पानापासून झाली. फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गॅलिलिओच्या गतीबद्दलच्या टिपणांचं एक बाड आहे, हस्तलिखित क्रमांक ७२. ते ग्रंथालय, तिथलंच विज्ञान इतिहासाचं म्युझियम आणि बर्लिनची माक्स प्लांक संस्था यांनी मिळून ते सगळं ऑनलाइन ठेवलंय, पानाचा फोटो आणि त्यात काय लिहिलंय त्याचा मजकूर, दोन्ही. त्यातल्या ११६ नंबरच्या पानाची मागची बाजू उघडा. एक उभी रेघ, तिच्या तळापासून निघालेले वक्र, आणि आकडे, बस्स. पहिल्यांदा बघताना काहीच कळत नाही, पण जरा बसलं की उलगडायला लागतं.

उतरत्या पन्हळीतून एक गोळी सोडायची, खाली आली की ती टेबलाच्या कडेवरून आडवी सुटते आणि जमिनीवर पडते, मग ती टेबलापासून किती लांब पडली ते मोजायचं. त्याचं माप होतं पुंतो, म्हणजे साधारण एक मिलिमीटर धरा. टेबलाची उंची ८२८ पुंती (पुंतोचं अनेकवचन). गोळी ३०० उंचीवरून सोडली तर ८०० वर पडली. मग ६०० वरून सोडली. आता उंची दुप्पट झाली तर वेग दुप्पट होत नाही, दोनच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो, म्हणजे गोळी ११३१ वर पडायला हवी. पडली ११७२ वर. आणि त्याने ते तिथेच लिहून ठेवलंय, यायला हवे होते ११३१, फरक ४१. पुढे ८०० वरून १३२८ आले, हवे होते १३०६, फरक २२. ८२८ वरून १३४०, हवे होते १३३०, फरक १०. १००० वरून १५००, हवे होते १४६०, फरक ४०.

कॅल्क्युलेटर घेऊन मी हे सगळं पुन्हा करून बघितलं आणि आकडे जुळले तेव्हा अंगावर काटा आला. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं गणित आपण तपासतोय आणि ते बरोबर आहे! आणखी एक लक्षात आलं. सगळे फरक जास्तीच्याच बाजूला आहेत, एकही कमी नाही. पाचही आकडे एकमेकांशी ताडून पाहिले तर ३०० वरून सोडलेली पहिली गोळीच बाकीच्यांच्या मानाने थोडी कमी गेल्यासारखी दिसते, आणि त्याने नेमका तोच आकडा पाया धरला, म्हणून पुढचे सगळे हिशेबापेक्षा जास्त आले. हे मी कुठे वाचलेलं नाही, पानासमोर बसून दिसलं.

या पानाची गोष्टही मोठी आहे. गॅलिलिओच्या समग्र साहित्याची जी २० खंडांची आवृत्ती अंतोनियो फावारोने १८९० ते १९०९ मध्ये काढली, तिच्यात हे पान घेतलेलंच नव्हतं, कारण त्यावर नुसती आकृती आणि आकडेमोड, सलग मजकूर असा नाही. पुढे अलेक्झांडर कोयरेसारख्या दबदबा असलेल्या इतिहासकाराने मांडलं की गॅलिलिओचे बरेचसे प्रयोग मनातलेच होते, आणि ते कितीतरी वर्षं मानलं गेलं. मग स्टिलमन ड्रेक या इतिहासकाराने हे बाड पुन्हा चाळलं आणि १९७३ मध्ये हे पान छापलं. उपकरण नेमकं कसं होतं यावर अभ्यासकांचे वाद आजही आहेत, पण त्या माणसाने गोळी खरंच सोडली होती आणि न जुळलेला आकडा लपवला नव्हता, हे तुम्ही आता स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकता. छापील पुस्तकात निकाल दिसतो, धडपड दिसते ती अशा कागदावर.

डार्विनचंही तसंच. केंब्रिजच्या डार्विन पत्रव्यवहार प्रकल्पाच्या साइटवर त्याची १५,००० च्या आसपास पत्रं आहेत, त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली. ११ जानेवारी १८४४ ला त्याने वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकरला लिहिलेलं पत्र जरूर वाचा, त्यात तो म्हणतो की सजीवांच्या जाती कायम तशाच राहत नाहीत असं मला जवळजवळ पटलंय, आणि कंसात, हे म्हणजे खुनाची कबुली दिल्यासारखं वाटतंय. त्याचं पुस्तक आलं १८५९ मध्ये, म्हणजे या पत्रानंतर तब्बल १५ वर्षांनी. पण फक्त ते एक प्रसिद्ध वाक्य उचलून निघून येऊ नका, आख्खं पत्र वाचा, कारण बरीच जागा वनस्पती, बिया, बेटं याबद्दलच्या विचारपूसीने भरलीय आणि ती कबुली मध्येच हळूच सरकवल्यासारखी येते. हे वेगळं कोट म्हणून वाचलं तर कधीच कळत नाही. आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी नावाचं जे प्रचंड मोठं ऑनलाइन ग्रंथालय आहे तिथे डार्विनच्या स्वतःच्या संग्रहातली पुस्तकं आहेत, त्याने समासात पेन्सिलीने काय काय खरडलंय त्यासकट.

आता आवाजांबद्दल. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सच्या साइटवर शास्त्रज्ञांच्या हजाराहून जास्त मुलाखती आहेत, शब्दशः उतरवलेल्या. विज्ञानाचा इतिहासकार थॉमस कून आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्वांटम सिद्धांत उभा करणाऱ्या माणसांना, ती हयात असतानाच, गाठून गाठून बोलतं केलं होतं. त्यातल्याच नील्स बोरबरोबर १९६२ च्या ऑक्टोबर नोव्हेंबरमध्ये पाच बैठका झाल्या. पाचवी १७ नोव्हेंबरला. बोर गेला १८ नोव्हेंबरला. ते ट्रान्सक्रिप्ट वाचताना आपल्याला माहीत असतं की उद्या हा माणूस नसणार आहे, आणि तो मात्र तरुणपणी तत्त्वज्ञानात कसा रमला होता, विल्यम जेम्स हा तत्त्वज्ञ कधी वाचला, अशा गोष्टी निवांत सांगतोय. मला ते एका बैठकीत वाचवलं नाही.

मुलाखती वाचताना एक पथ्य मात्र पाळा. माणूस चाळीस पन्नास वर्षांपूर्वीचं आठवून बोलत असतो, तारखा मागेपुढे होतात, कुणी आधी काय म्हटलं याची अदलाबदल होते, तेव्हा मुलाखतीतली गोष्ट त्या काळच्या पत्राशी नाहीतर पेपरशी ताडल्याशिवाय पक्की धरू नका.

तंत्रज्ञानाच्या इतिहासाचं म्हणाल तर माझी सगळ्यात लाडकी जागा म्हणजे अपोलो लूनर सरफेस जर्नल. एरिक जोन्स या माणसाने चंद्रावर उतरलेल्यांचं सगळं रेडिओ संभाषण सेकंदासेकंदाच्या नोंदीसह लावलं आणि स्वतः अंतराळवीरांबरोबर बसून त्यावर त्यांच्या टिपा घेतल्या. अपोलो ११ मध्ये उड्डाणानंतर १०२ तास ३८ मिनिटं झालेली असताना आर्मस्ट्राँग म्हणतो, प्रोग्राम अलार्म. मग त्या इशाऱ्याचा क्रमांक, १२०२. मग ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून उत्तर येईपर्यंत तीसेक सेकंद जातात, आणि ते वाचताना सुद्धा ते तीस सेकंद लांबच लांब वाटतात.

इथवर खूप जणांना माहीत असतं. पण पुढची पायरी कुणी चढत नाही, आणि ती चढायला लागते पाच मिनिटं. त्या यानातल्या कॉम्प्युटरचा सगळा सोर्स कोड ऑनलाइन आहे. जुन्या छापील लिस्टिंगचे स्कॅन घेऊन व्हर्च्युअल एजीसी (एजीसी म्हणजे अपोलो गायडन्स कॉम्प्युटर) या प्रकल्पातल्या लोकांनी तो ओळ न ओळ टाइप केला, तपासला, आणि २०१६ पासून तो गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरही आहे. त्यात एक्झिक्युटिव्ह नावाची फाइल उघडा आणि १२०२ शोधा. शेजारी कॉमेंट आहे, नो कोअर सेट्स अव्हेलेबल. म्हणजे चालू कामांसाठी राखून ठेवलेल्या मेमरीच्या जागा संपल्या, नवीन कामाला जागा नाही. गरज नसताना रडारकडून सिग्नल येत होते, ते कॉम्प्युटरचा वेळ खात होते, कामं साचत गेली. मग कॉम्प्युटर स्वतःच रीस्टार्ट व्हायचा, महत्त्वाची कामं पुन्हा हातात घ्यायचा आणि दुय्यम कामं सोडून द्यायचा, म्हणून उतरणं थांबलं नाही. एकीकडे संभाषण आणि दुसरीकडे कोड असं शेजारी शेजारी ठेवून वाचलं की हे सगळं असं काही समजतं की पुन्हा विसरायला होत नाही. आणि चंद्रावर उतरण्याच्याच कोडमध्ये एका ओळीपुढे कुणीतरी लिहून ठेवलंय, टेंपररी, आय होप होप होप. ती ओळ तशीच चंद्रावर गेली.

पेटंटं हाही मोठा खजिना आहे. गूगल पेटंट्सवर अमेरिकेची थेट १७९० पासूनची पेटंटं मिळतात, अर्थात सुरुवातीच्या काळातली सगळी नाहीत, कारण १५ डिसेंबर १८३६ ला तिथल्या पेटंट ऑफिसला आग लागली आणि जवळपास १०,००० पेटंटं जळाली, त्यातली थोडीच पुन्हा मिळवता आली. पेटंटात आकृती बघायच्याच, पण शेवटचे दावे नक्की वाचायचे, कारण माणूस नेमकं कशावर हक्क सांगतोय ते तिथे कळतं.

आणि इथेच शोधण्याबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय. ग्रॅहम बेलचं ७ मार्च १८७६ चं पेटंट, नंबर १७४४६५, टेलिफोन असं शीर्षकात शोधलंत तर सापडणार नाही. त्याचं शीर्षक आहे टेलिग्राफीतली सुधारणा. शोधताना आपले शब्द नाही, त्या काळचे शब्द वापरायचे. अठराव्या शतकातल्या प्रीस्टली या रसायनशास्त्रज्ञाच्या लिखाणात ऑक्सिजन शोधत बसाल तर हाती काही लागायचं नाही, तो त्याला डिफ्लॉजिस्टिकेटेड एअर म्हणायचा. सायंटिस्ट हा शब्दच मुळी १८३० च्या दशकातला, त्याआधीच्या माणसांसाठी नॅचरल फिलॉसॉफर शोधा.

दुसरी भानगड छपाईची. जुन्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला एस लांब असायचा, दिसायला अगदी एफसारखा, आणि मशीन तो एफच वाचतं, त्यामुळे कितीतरी स्कॅनमध्ये सनचं फन झालेलं असतं. तेव्हा सर्चला काही मिळालं नाही म्हणून त्या पुस्तकात ते नाहीच असं समजू नका, एफ घालून पुन्हा शोधा, नाहीतर सरळ पानं उलटा. मी तर आता उलटतेच, त्यात भलतंच काहीतरी सापडतं ते वेगळं.

तिसरी तारखांची. इंग्लंडमध्ये १७५२ च्या बदलापर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू धरायचे आणि कॅलेंडरही जुनंच, युरोपातल्या नव्या कॅलेंडरच्या मागे चालणारं होतं. न्यूटनचा जन्म म्हणून २५ डिसेंबर १६४२ आणि ४ जानेवारी १६४३ अशा दोन तारखा मिळतात, दोन्ही बरोबर आहेत. जानेवारी, फेब्रुवारीतलं इंग्रजी पत्र दिसलं की थांबून विचार करायचा की हे नेमकं कुठलं वर्ष. मी यात एकदा चांगलीच फसलेय, एका पत्राचं उत्तर पत्राच्या आधी वर्षभर कसं आलं याचा विचार करत अख्खी संध्याकाळ गेली होती.

बाकीचं भराभर सांगते. गणिताच्या इतिहासासाठी सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचं मॅकट्यूटर, चरित्रं चांगली आणि खाली संदर्भ दिलेले. एखाद्या विषयावर आजवर काय काय लिहिलं गेलंय हे बघायचं असेल तर आयसिस सीबी, फुकट आहे आणि अभ्यासकही तेच वापरतात. जुनी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्ह, हाथीट्रस्ट, फ्रेंच असतील तर गॅलिका. बेल लॅब्जच्या तांत्रिक जर्नलचे जुने अंकही इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, माहिती सिद्धांताचा पाया घालणारा क्लॉड शॅननचा १९४८ चा पेपर त्यातच आला होता. न्यूटनची धर्मावरची हस्तलिखितं न्यूटन प्रोजेक्टवर बघा, त्याची वेस्ट बुक नावाची वही केंब्रिज डिजिटल लायब्ररीत. ती वही मुळात त्याच्या सावत्र वडिलांची, बरीचशी कोरी राहिलेली, आणि त्या कोऱ्या पानांवर याने कलनशास्त्राची मांडामांड केली. विकिपीडियाला नावं ठेवायचं कारण नाही, फक्त तिथे थांबायचं नाही, तळटिपेवरून मूळ कागदापर्यंत जायचं.

आणि लंडनची जुनी विज्ञानसंस्था रॉयल सोसायटी. तिच्या फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स या नियतकालिकाचे जुने अंक कुणालाही वाचता येतात, आणि सायन्स इन द मेकिंग या साइटवर तर पेपर छापायचा की नाही याबद्दल तेव्हाच्या परीक्षकांनी हाताने लिहिलेले अहवाल आहेत. आत्ता हे टाइप करतेय तेव्हा शेजारच्या टॅबमध्ये ट्रान्झॅक्शन्सचा पहिलावहिला अंक उघडाय, ६ मार्चचा, वर्षाच्या जागी १६६४ आणि १६६५ दोन्ही एकदम छापलेले. जेमतेम १६ पानं. गुरूच्या पट्ट्यात रॉबर्ट हूकला दिसलेला ठिपका आहे, रॉबर्ट बॉईलने कळवलेलं विचित्र वासरू आहे, समुद्रावर नेऊन पाहिलेली लंबकाची घड्याळं आहेत. मी बर्म्युडाजवळच्या देवमाशांच्या शिकारीपर्यंत पोचलेय.