लागलेला नाही, लागत नाही

हंगामाच्या सणाला आमच्या चर्चच्या मंडळीत अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो. ज्वारीचं पोतं, शेंगाचटणीच्या बरण्या, कोंबड्या, कडक भाकरीच्या चवडी. यंदा बोली झाली 41,650 रुपयांची आणि हातात आले 38,250. मधले 3,400 म्हणजे सात जणांची उधारी. "पगार झाल्यावर देतो" म्हणालेल्यांची नावं खजिनदारांनी दुसऱ्या वहीत लिहून ठेवली होती. एवढ्याशा रकमेवरून तीन आठवड्यांत खजिनदारांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी थांबली. "तुमचे होणारे व्याही मंडळीचे पैसे खातात," असा फोन मुलाकडे गेला होता.

शनिवारी संध्याकाळी सहा जणांना चर्चच्या मागच्या खोलीत बोलावलं. माझ्यासारख्या पाळकाला अशा बैठका वरचेवर घ्याव्या लागतात, आणि त्या बहुतेकदा सुरुवातीच्या प्रार्थनेतच बिघडतात. "प्रभू, ज्यांनी हे केलं त्यांना सुबुद्धी दे," असं कुणी डोळे मिटून म्हटलं की समोरच्याला उत्तर देता येत नाही, उलट आमेन म्हणावं लागतं. याच तोंडाने देवाचा धन्यवाद आणि याच तोंडाने माणसाला शाप, असं याकोब बायबलमधल्या आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहितो, ते अगदी हेच. म्हणून सगळ्यांनी मिळून फक्त प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हटली. मग प्रत्येकाला एकेक कोरा कागद दिला.

कागदावर तीनच ओळी लिहायच्या. कानावर पडलेलं वाक्य जसंच्या तसं. ते कुणाकडून ऐकलं. आणि आपण पुढे कुणाला काय सांगितलं. अर्थ लिहायचा नाही, "लोक म्हणतात" चालणार नाही. वीस मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. पहिल्याचं म्हणणं दुसरा उलटतपासणी करेपर्यंत खरंच वाटतं, असं बायबलमधलं नीतिसूत्रे 18:17 सांगतं. समोरासमोर बोलायला लागलं की ज्याचा आवाज मोठा तो पहिला ठरतो. कागदावर तसं होत नाही.

कागद ओळीने मांडले. गायनमंडळातल्या एका ताईंनी घरी जावेला सांगितलं होतं, "हिशेब लागत नाही म्हणे." जावेने शेजारी सांगताना आकडा जोडला, "3,400 कमी आहेत." तरुणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने आवाजी निरोप टाकला, "पैसे गेले कुठे?" आणि मुलाकडच्यांना फोन करणाऱ्या काकूंनी लिहिलं होतं, "प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलं." हा शेवटचा प्रकार सगळ्यांत घातक. प्रार्थनाविनंतीच्या कापडात गुंडाळलेली चहाडी ऐकणारा अडवत नाही, आणि सांगणारीला आपण चहाडी केली असं वाटतही नाही.

मग सुरुवात कुठून झाली? ताईंच्या कागदावर दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: "रविवारच्या जाहिरातीत पाळकसाहेबांकडून." जाहिराती म्हणजे उपासनेत वाचायच्या सूचना. त्यांची वही काढून पाहिली. व्यासपीठावरून मी वाचलं होतं, "लिलावाचा हिशेब अजून पूर्ण लागलेला नाही." वाक्य खरं होतं, पण उधारीचा शब्दही त्यात नव्हता. "लागलेला नाही" म्हणजे काम चालू आहे. "लागत नाही" म्हणजे कुठेतरी घोळ आहे. मधला "अजून" गळायला एक घर पुरलं. शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल, हे याकोब जिभेबद्दल लिहायच्या आधी, अध्यायाच्या पहिल्याच वचनात का सांगतो, ते त्या वहीसमोर कळलं. कागदांच्या ओळीत पहिला कागद माझा लावला.

तेव्हा एक ज्येष्ठ वडील म्हणाले, "विषय इथंच मिटवा, शांती महत्त्वाची." हेतू चांगला होता. पण वरून येणाऱ्या ज्ञानाची लक्षणं सांगताना याकोब क्रम देतो (3:17): आधी शुद्ध, मग शांतिप्रिय. वह्या झाकून केलेली शांती त्या क्रमात बसत नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोडला यंत्रमागावर उमर गेलेले एक मामा बसले होते, ते म्हणाले, "ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून तिथंच गाठ मारायची की, पाळकसाहेब. तसाच चालू ठेवला तर चादरीत हातभर चिरी पडते." त्याच खोलीत दोन्ही वह्या उघडल्या आणि साती नावं व रकमा सगळ्यांदेखत जुळवल्या.

नंतर ठरवलं की जिथे बोललो तिथेच दुरुस्ती. ग्रुपवरचा निरोप नुसता डिलीट करून भागत नाही, ऐकणाऱ्यांच्या कानातून तो जात नाही. म्हणून त्याच मुलाने त्याच ग्रुपवर, स्वतःच्याच आवाजात सांगायचं. माफीत "वाईट वाटलं असेल तर" आणि "पण" हे शब्द नकोत. वाक्यं तीन: मी असं बोललो, ते खोटं होतं, खरं असं आहे. काकूंनी मुलाच्या घरी स्वतः जायचं. तिथे फोन कन्नडमध्ये गेला होता, तेव्हा दुरुस्तीही कन्नडमध्येच. काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सोमवारी जाते." सोमवारी गेल्या.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, उपासनेत मी माझं जुनं वाक्य आधी वाचलं, मग नवं: सात उधार बोल्या, एकूण 3,400, पैकी 2,100 जमा. नावं वाचली नाहीत, नाहीतर सात नवे विषय तयार झाले असते. लग्नाची बोलणी अजून पुन्हा सुरू झालेली नाहीत.

आता अर्पण मोजायला तिघं बसतात. नोटा-नाणी वेगळी करून चिठ्ठीवर लिहायची, तिघांनी सह्या करायच्या, सोमवारी बँकेत भरणा. गेल्या रविवारी खजिनदारांच्या शेजारी काकू होत्या. ते म्हणाले, "दहाच्या सत्तावीस." काकूंनी गड्डी हातात घेतली, पुन्हा मोजली आणि चिठ्ठीवर लिहिताना मोठ्याने म्हणाल्या, "सत्तावीस."