दारव्हा ते चिखलदरा: जुनी गाडी, जानेवारीची पहाट आणि बसलेली बॅटरी

हिवाळ्यात चिखलदऱ्याला निघताना लोक टायरची हवा बघतात, ब्रेक बघतात, घाट आहे म्हणून कूलंटही बघतात. बॅटरी मात्र राहून जाते, कारण खाली गावात ती रोज सकाळी गाडी चालू करून देत असते. यंदा जानेवारीत आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो. एक माझी आणि दुसरी आतेभावाची, म्हणजे आमच्या दादाची, 2011 ची वॅगन आर. दादाची गाडी वर बंद पडली आणि परतवाड्यात तिची बॅटरी बदलावी लागली. दहा-बारा वर्षांची गाडी घेऊन त्या बाजूला जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आम्ही गेलो दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असे. शकुंतला रेल्वेही यवतमाळहून मूर्तिजापूर आणि तिथून अचलपूर अशीच जायची, त्यामुळे वाटेत जुनी स्टेशनं दिसत राहतात. अंजनगावचे पानमळे ओलांडले की संत्र्याचे बगीचे लागतात. परतवाड्याला जेवून, पेट्रोल भरून दुपारी घाट चढलो. घाटाला दादाच्या गाडीने काही कुरकुर केली नाही. संध्याकाळी सगळे गाविलगड बघायला गेले. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी हा किल्ला घेतला. त्याची तटबंदी नीट बघायची तर दोन तास हाताशी ठेवा. पोरं तेवढ्यात कंटाळून परत आली आणि दादाच्या गाडीत बसली. इंजिन बंद, गाणी चालू आणि मोबाइल चार्जिंगला.

चिखलदरा सुमारे 1100 मीटर उंचीवर आहे. जानेवारीत पहाटे तिथे कडाक्याची थंडी असते. सकाळी दादाने चावी फिरवली तर नुसता कट-कट आवाज. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले आणि स्टार्टर हललाच नाही.

लॉजसमोर चार माणसं जमली. एकाने लगेच सुचवलं, "उतार हाये ना भाऊ, सोडून द्या खाली, दुसऱ्या गिअरात घ्या, होते चालू." कृपा करून घाटात हे करू नका. इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर काम करत नाही. एक-दोनदा पाय दाबला की पेडल दगडासारखं घट्ट होतं आणि गाडी थांबता थांबत नाही. शिवाय इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटर यांनाही बॅटरीच लागते. ती पार उतरली असेल तर धक्का मारूनही उपयोग होत नाही. सपाट जागी, चार माणसांनी ढकलून, बॅटरीत थोडा जीव असेल तर धक्का स्टार्ट ठीक आहे. उतारावर नको.

माझ्याजवळ मल्टीमीटर असतो. बाजारात अगदी स्वस्तातला मिळतो आणि जुनी गाडी वापरणाऱ्याकडे तो असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. दादाच्या बॅटरीवर लावला, 11.9 व्होल्ट. रात्रभर उभी असलेली, पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे अर्धी उतरलेली, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. त्यात थंडी. पारा शून्याजवळ आला की बॅटरीची साधारण एक तृतीयांश ताकद जाते आणि त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट होऊन स्टार्टरला जास्त जोर लागतो.

पण आधी टर्मिनल बघायचे. लाल वायरच्या क्लॅम्पवर हिरवट-पांढरी पावडर चढली होती, फुलकोबीसारखी फुगलेली. क्लॅम्प हाताने हलत होता. बॅटरी चांगली असूनही केवळ एवढ्यामुळे गाडी चालू होत नाही, असं पुष्कळदा होतं. काळी वायर आधी काढली, मग लाल. लॉजवाल्याकडून गरम पाणी आणि खायचा सोडा मागून घेतला. कालवून ओतलं तर फेस आला आणि पावडर विरघळून गेली. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका, आणि ती पावडर उघड्या हाताने चोळू नका, त्यात ॲसिड असतं. जुन्या टूथब्रशने घासून, कोरडं करून क्लॅम्प घट्ट बसवले. तरीही स्टार्टर अर्धा फेरा फिरून थांबला. म्हणजे दोष बॅटरीतच होता.

मग जंपर केबल काढली. दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकवता जवळ उभ्या केल्या. लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हा क्रम. जवळ विडी-सिगारेट कोणालाही ओढू देऊ नका. माझी गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवली, मग दादाने चावी फिरवली आणि गाडी लागली. केबल जोडल्या त्याच्या उलट क्रमाने काढल्या. केबल घेताना जाड तांब्याची घ्या. बारीक तारेची नुसती गरम होते, करंट पुढे जात नाही.

गाडी चालू असताना पुन्हा मीटर लावला, 14.1 व्होल्ट. हे फार महत्त्वाचं आहे. 13.8 ते 14.4 च्या दरम्यान आकडा आला तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग, ठीक आहे. 13 च्या खाली राहिला तर नवी बॅटरी घालूनही काही दिवसांत तीच गत होईल, कारण खराबी अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या बेल्टमध्ये असते. जो दुकानदार हे न तपासता बॅटरी विकतो, त्याच्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

मध्ये कुठेही इंजिन बंद न करता परतवाड्याला उतरलो. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी बॅटरीची सहाही बुचं उघडली आणि हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजायच्या नळीने, एकेक सेल बघायला सुरुवात केली. पाच सेलमध्ये आतला काटा 1.24 च्या आसपास तरंगला. सहाव्यात 1.12 च्या वर यायलाच तयार नाही. त्यांनी दादाला जवळ बोलावून दाखवलं.

"पाच चांगले हायेत, हा एक मेला. आता याले कितीबी चार्जिंग करा, सकाळी हे तुमाले उभंच करीन."

"थंडीनं गेली का काका?" दादाने विचारलं.

"थंडीनं नाई बाप्पा. थे मे मयन्यातच गेली व्हती. थंडीनं फक्त सांगतलं."

आपल्या भागातल्या प्रत्येक गाडीवाल्याने ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. बॅटरीचा खरा शत्रू ऊन आहे. तापमान साधारण 10 अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त. पाणी उडून जातं, प्लेटा उघड्या पडून खराब होतात. उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं म्हणून हे कळत नाही. म्हणून बुचांच्या बॅटरीत उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पाणी बघा. प्लेटांच्या वर बोटाच्या एका पेराहून थोडं कमी पाणी हवं. फक्त डिस्टिल वॉटर घाला. आरओचं चालतं असं गावोगाव सांगतात, ते चालत नाही, त्यात क्षार उरतातच. आणि ॲसिड वरून कधीही घालू नका, उडतं ते पाणी, ॲसिड तिथेच राहतं.

दादाची गाडी आठवडा-आठवडा अंगणात उभी असते, हेही तिच्या मुळावर आलं. अशी गाडी आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवा. जागच्या जागी पाच मिनिटं चालू ठेवून काही होत नाही. महिनाभर बाहेरगावी जाणार असाल तर काळी वायर काढून ठेवा. घरी चार्जर लावायचा तर क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट ठेवा, 35 अँपिअर-अवरला साडेतीन अँपिअर.

नवी बॅटरी घेताना मिस्त्रींनी 35 अँपिअर-अवरचीच दिली. टर्मिनल डावे-उजवे जुन्याप्रमाणेच आहेत ना, हेही जुळवून घेतलं. ते उलट आले तर वायर पुरत नाही. बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. सहा महिन्यांहून जास्त काळ पडून राहिलेली घेऊ नका. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या. जुनी बॅटरी देऊन तिचे पैसे बिलातून वजा करून घ्या. ती भंगारवाल्याला देऊ नका. 2022 च्या नियमांनुसार तिची विल्हेवाट नोंदणीकृत ठिकाणीच व्हायला हवी, आणि त्यातलं शिसं मोकळ्या जागी वितळवलं तर आसपासच्या पोरांच्या अंगात जातं. बसवताना लाल आधी, काळी शेवटी. खालची पट्टी पक्की आवळून घ्या. आमच्याकडच्या खड्ड्यांत सैल बॅटरीच्या आतल्या प्लेटा लवकर गळतात. शेवटी टर्मिनलला व्हॅसलिनचा हात फिरवा.

तिथून पुढे घटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जाणार असाल तर बॅटरीची शंका परतवाड्यातच फेडून घ्या. पुढे जंगल आहे, मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते आणि दुकान लागेल ते थेट धारणीला. मुक्कामाला गाडी शक्यतो तोंड रस्त्याकडे करून लावा, म्हणजे सकाळी दुसऱ्या गाडीची केबल बॉनेटपर्यंत पोचते.